शून्याचा कप्पा

“पुन्हा पाचच,” दादा म्हणाला आणि त्याने हातातली पेन्सिल टेबलावर टाकली.

वजनकाट्यावरच्या काचेच्या भांड्यात, रुग्णाला औषध मोजून सोडणाऱ्या सिरिंज पंपाच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. पंपाच्या पडद्यावर पाच, म्हणजे तासाला पाच मिलिलिटर; काट्याच्या हिशेबानेही पाच. सकाळी कारखान्याचं कुलूप उघडल्यापासून दोघं नवरा-बायको एवढंच करत होती. पंप थांबवायचा, वेग टाकायचा, चालू करायचा आणि पाणी मोजायचं. एरवी यंत्र बरोबर चाललं की वहिनीचा जीव भांड्यात पडायचा. आज प्रत्येक बरोबर आकडा तिला खुपत होता. यंत्राची चूक नसेल तर चूक माणसाची, आणि ते माणूस म्हणजे दादाची धाकटी बहीण.

कारखान्यात या दोघांना सगळेच दादा आणि वहिनी म्हणत. त्यांची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी निघायची. दादाची बहीण मोठ्या इस्पितळात नर्स होती. वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची. आजकाल कोण म्हणतं हो नणंदेला वन्सं? पण लग्नानंतर थट्टेत सुरू केलेली ती हाक चिकटली ती चिकटलीच.

तर झालं होतं असं. मागच्या आठवड्यात वन्संच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या गृहस्थांना रक्तदाब टिकवायचं औषध चालू होतं, याच कारखान्यातल्या पंपाने. वन्संनी वेग चारवरून पाचवर नेला, आणि पंप असा काही धावत सुटला की म्हाताऱ्याचा रक्तदाब कुठल्या कुठे चढला. वन्संनी झडप घालून पंप बंद केला. पुन्हा चालू केला तर काय, गुणी बाळासारखा चालायला लागला! म्हातारा वाचला, आता बसून बोलतोही. पण बाणाचं बटण दाबून धरलं आणि पाचाच्या जागी पन्नास केले, असं सगळ्यांनी धरून चाललं. वन्संचा गणवेश उतरवला, वॉर्डात यायची बंदी घातली, आणि आज दुपारी चौकशी समितीपुढे उभं राहायला सांगितलं.

“पडद्यावर पाचच होते, वहिनी,” ती त्या रात्री जेवणाचं ताट तसंच ठेवून म्हणाली होती. “देवाशप्पथ, पाचच होते. मला काय पाच आणि पन्नास कळत नाहीत?”

“दमली असशील गं,” दादा म्हणाला होता. त्यावर वन्सं जी गप्प झाली ती भावाशी अजून धड बोललेली नव्हती.

दार ढकलून मालक आत आले. दादाचे वर्गमित्र, भला माणूस. कामगारांच्या घरची आजारपणं त्यांना तोंडपाठ असत. गेल्या आठवड्यापासून मात्र त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

“काय निघालं?”

“काही नाही,” दादा म्हणाला. “यंत्र ठीक आहे.”

“वा! सुटलो!” मालकांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग वहिनीकडे लक्ष जाताच त्यांनी जीभ चावली. “म्हणजे... तसं नव्हे हो, वहिनी. पोरीबद्दल मला वाईट वाटतंच.”

“कळलं मला,” वहिनी म्हणाली. तिला खरंच कळलं होतं, म्हणून तर तिला जास्त राग आला.

मालक गेल्यावर तिने वन्संना फोन लावला. “झालं तेव्हा नेमकं काय काय केलंस ते परत सांग. कुठलं बटण कधी दाबलंस तेसुद्धा सांग.”

“शंभरदा सांगितलंय, वहिनी.” पलीकडचा आवाज रडून रडून बसलेला होता. “बाण दाबला, चारचे पाच केले, ‘ठीक’ दाबलं.”

“आणि पंप? थांबवून?”

“थांबवून कसं चालेल? वेडी का तू? त्या औषधात क्षणाचा खंड पडला तरी माणूस खाली जातो. चालू असतानाच बदलतो आम्ही.”

वहिनीने फोन ठेवला आणि ती पंपाकडे वळली. “अहो,” ती म्हणाली, “आपण सकाळपासून दर वेळी पंप थांबवतोय.”

“मग? पहिल्यापासून तसंच तपासतो की.”

“ती थांबवत नाही.”

आता इथे थोडं त्या पंपाच्या पोटात शिरायला हवं. पंपाचा मेंदू म्हणजे नखाएवढी काळी चिप. लोकांना वाटतं, आत काय अफाट भांडार असेल! आत असतात बत्तीस कप्पे. एका कप्प्यात एकच लहानसा आकडा मावतो. बाहेर गोदाम असतं, पण गोदामातल्या मालावर तिथल्या तिथे काही करता येत नाही. बेरीज करायची, तुलना करायची, काही म्हणून करायचं, तर आकडा उचलून कप्प्यात आणा, काम उरका आणि परत नेऊन ठेवा. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. या दोघांच्या तोंडी मात्र कप्पेच. कुठला कप्पा कशासाठी, हे चिप ठरवत नाही. आज ज्यात औषधाचा वेग ठेवला त्यातच उद्या घंटीचा सूर ठेवा, तिची तक्रार नाही. कशात काय ठेवलंय हे लिहिणाऱ्यानेच ध्यानात ठेवायचं, आणि वीज गेली की सगळ्यावर पाणी.

पंपाचा मुख्य प्रोग्रॅम दादाचा. बटणं, पडदा, वेगाचं गणित, सगळं तो बघायचा. मोटरचा भाग वहिनीचा. मोटरला दम म्हणून नाही. दादाचा भाग कशातही गुंतलेला असो, ती मध्येच हाक मारते, ‘ते राहू दे, आधी मला एक पाऊल ढकल.’ की चिप हातातलं काम तिथेच टाकून वहिनीच्या भागात जाते, मोटर ढकलते आणि परत येऊन टाकलेलं काम उचलते. आता मध्येच घुसणाऱ्याची एक रीत असते. जे कप्पे आपण वापरणार त्यातला आधीचा माल बाजूला काढून ठेवायचा, आणि निघताना जसाच्या तसा भरायचा. पण मोटर सेकंदाला किती वेळा हाक मारणार, आणि वहिनीने दर वेळी ही उचलठेव करायची म्हणजे वेळ फुकट. म्हणून पहिला पंप बनवतानाच तिने दादाला सांगून टाकलं होतं, “पहिले चार कप्पे माझे. शून्यापासून तीनपर्यंत. तुम्ही तिकडे फिरकायचं नाही.”

“आंदण दिले!” दादा हसून म्हणाला होता. “नाहीतरी त्या खालच्या कप्प्यांत आकडा सरळ टाकता येत नाही, वरच्या कप्प्यातून न्यावा लागतो. मला नकोतच.”

कपाटातले कप्पे नवरा-बायको वाटून घेतात, तशी ती वाटणी. लिहून ठेवायची कधी गरजच पडली नव्हती.

“चालू असताना बदलून बघू,” वहिनी म्हणाली.

त्यांनी पंप चालू ठेवून वेग बदलला. पाच. पुन्हा बदलला. सहा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पंप बिचारा सांगेल तसा चालत होता. घड्याळाचे काटे पुढे सरकत होते आणि दादाच्या कपाळावरची शीर फुगत चालली होती.

“पुरे आता!” तो एकदम ओरडला. “माझा भाग तुझ्या कप्प्यांना शिवत नाही. कधीच शिवला नाही. किती वेळा तेच ते करायचं? तिच्याकडून चूक झाली असेल, होते माणसाकडून! मी काय तिचा वैरी आहे?”

“मी कुठे म्हटलं वैरी?”

“तुझ्या डोळ्यांत दिसतंय.”

वहिनी लॅपटॉपकडे वळली. वाद घालायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती की तोंड उघडलं तर आपण काहीतरी असं बोलून जाऊ की जे नंतर वर्षभर दोघांच्या मध्ये येऊन बसेल. तिने संगणकावर दादाचा प्रोग्रॅम उघडला आणि वेगाचं गणित होतं तिथे आली. तिला तो भाग मोठा आठवत होता. जुन्या चिपला गुणाकार येतच नसे. दादा बेरजेवर बेरीज रचून तो करायचा, चांगली पानभर यातायात. आता तिथे ते पान नव्हतं. चार ओळी होत्या.

“हे कधी बदललंत?”

“नवी चिप आली तेव्हा. जुनी मिळेनाशी झाली नाही का? हिला गुणाकार येतो. एका फटक्यात.” एवढ्या तणातणीतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. “तुला दाखवलं होतं मी. तू म्हणालीस, छान झालं.”

म्हणाली होती खरी. वहिनी त्या ओळीकडे बघत राहिली. गुणायचे दोन आकडे दादाच्याच कप्प्यांत, सोळा आणि सतरा. वाटणीप्रमाणे चोख.

“अहो, गुणाकाराचं उत्तर कुठे पडतं?”

“कुठे म्हणजे...” दादा पडद्याकडे वाकला.

बाकी सगळ्या कामांत चिप विचारते, उत्तर कुठे ठेवू? गुणाकारात विचारत नाही. तिची ती रीतच. उत्तर मोठं येतं, एका कप्प्यात मावत नाही, म्हणून ती ते थेट पहिल्या दोन कप्प्यांत टाकते. शून्यात आणि एकात.

“पण मी लगेच उचलतो ना तिथून!” दादा म्हणाला. “पुढच्याच ओळीत उचलतो. मध्ये वेळच कुठे आहे?”

“एका ओळीचा आहे.”

“तो काय वेळ झाला? डोळ्याचं पातं लवायला त्याच्या लाखपट लागतो.”

“मोटरची हाक यायला तेवढा पुरतो.”

तिने प्रोग्रॅम संगणकावरच एकेक ओळ चालवायला घेतला. पडद्याच्या कडेला बत्तीस कप्पे ओळीने दिसत होते. गुणाकार झाला, शून्याच्या आणि एकाच्या कप्प्यात उत्तर येऊन बसलं. तिथेच तिने चिपला थांबवलं आणि मोटरची हाक मुद्दाम आत सोडली. चिप वहिनीच्या भागात गेली. वहिनीचा भाग आपल्या हक्काच्या कप्प्यांत शिरला, तिथे काही ठेवलंय का हे न बघता त्याने आपला आकडा त्यात टाकला, मोटर ढकलली आणि तो निघून गेला. दादाच्या पुढच्या ओळीने शून्याचा कप्पा उचलला. त्यात आता भलताच आकडा होता.

मोटरचा नवा वेग त्या भलत्या आकड्याने ठरला. आणि पडद्यावर ऐटीत झळकत होते पाच.

वहिनीने प्रोग्रॅम थांबवला. मग दादा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी तिला म्हटलं, दमली असशील,” तो म्हणाला. “वहिनी, मी तिला असं म्हटलं गं.” बायकोला तो कधी वहिनी म्हणत नसे. त्याचं त्यालाही कळलं नाही.

वहिनीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हलवून उभं करावंसंही वाटलं. “उठा,” ती म्हणाली. “वाटणी माझी, गुणाकार तुमचा. रडायचं ते दोघं मिळून नंतर रडू.”

मालकांना बोलावून दाखवलं. ते शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“दुरुस्तीला किती वेळ?”

“उत्तर उचलेपर्यंत हाक अडवून धरायची. दोन ओळी,” वहिनी म्हणाली. “पण प्रत्येक पंपात नव्याने भरावं लागेल.”

“मग असं करू.” मालकांचा आवाज अगदी खाली आला. “देखभालीच्या नावाखाली सगळे पंप परत मागवू. एकेक करून. कुणाला काही कळायचं कारण नाही. आज तुम्ही गप्प राहा. तिला मी दुसऱ्या इस्पितळात लावून देतो, माझा शब्द. इथे अकरा घरं चालतात, दादा. ‘पंप चुकला’ एवढं बाहेर गेलं की उद्या कुलूप लागेल.”

“आणि परत येईपर्यंत जे पंप चालू आहेत?” वहिनीने विचारलं.

“अहो, असा योग कितीदा जुळणार? लाखात एकदा!”

“एकदा जुळलाय.”

मालकांनी दादाकडे बघितलं. वहिनीनेही बघितलं. त्या क्षणी नवरा काय म्हणेल याची तिला खात्री नव्हती, आणि एवढ्या वर्षांच्या संसारानंतर ती नसावी याचं तिला फार वाईट वाटलं. दादाने टेबलावरचा पंप बंद केला, नळी काढली, पंप पिशवीत घातला आणि लॅपटॉप काखोटीला मारला.

“तू म्हणतोस ते सगळं खरं आहे,” तो मालकांना म्हणाला. “पण मी तिला एकदा खोटं पाडलंय. दुसऱ्यांदा मला जमणार नाही.”

मालक दारातून बाजूला झाले. “जा. अडवत नाही. पण मला बरोबर चल म्हणू नका,” ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

इस्पितळात समितीच्या खोलीबाहेर एका बाकावर वन्सं बसली होती. घरच्या साध्या कपड्यांत ती किती लहान दिसत होती! दादाला बघून तिने मान वळवली. तो नुसता पिशवी धरून उभा राहिला.

“तू बरोबर होतीस,” शेवटी तो म्हणाला. “चूक पंपाची आहे. आमची आहे. मी आत जाऊन सांगतो.”

वहिनीला वाटलं, आता हिचा बांध फुटणार. ती जवळ सरकली. पण वन्संचे डोळे कोरडेच राहिले. कपाळाला आठी पडली.

“नेमकं कधी होतं ते?”

“पंप चालू असताना वेग बदलला की. दर वेळी नाही, क्वचित.”

“याच एका पंपात?”

“नाही गं. सगळ्यांत.”

“वॉर्डात आत्ता तीन चालू आहेत,” वन्सं म्हणाली आणि उठली.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि शिपायाने डोकं बाहेर काढलं. “सिस्टर, आत बोलावलंय.”

“दादा, तू जा!” ती म्हणाली आणि चालायलासुद्धा नाही, धावायलाच लागली. वहिनी तिच्या मागे.

वॉर्डाच्या दाराशी मेट्रन, सगळ्या नर्सच्या वरिष्ठ, उभ्या होत्या. उंच, कडक, आवाज न चढवता माणसाला जागच्या जागी उभं करणाऱ्या. “तुला इथे यायची बंदी आहे,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक आहे, मॅडम. नंतर काय ती शिक्षा करा.” वन्सं त्यांच्या बाजूने आत घुसली.

दुसऱ्या खाटेवर एक बाई होती, पांढरीफटक. उशाशी एक तरुण नर्स मॉनिटरकडे बघत होती आणि तिचं बोट पंपाच्या बाणावर होतं. आकडा चढवून झाला होता. ‘ठीक’ तेवढं दाबायचं राहिलं होतं.

“हात काढ!” वन्सं ओरडली. “काढ आधी!”

पोरगी दचकून मागे सरली. “पण सिस्टर, प्रेशर पडतंय. डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय.”

“वाढवायचंय. पण यावर नाही. आहे तसा चालू दे, त्याला कुणी हात लावू नका. बाकीच्या दोन पंपांवर जे असतील त्यांनाही सांग, पळ! आणि ऑपरेशनच्या खोलीत दुसऱ्या बनावटीचा पंप आहे, तो घेऊन ये.” बोलता बोलता तिने बाटली टांगली, औषध मिसळलं, नळी जोडली आणि नळीवरचं चाक अंगठ्याखाली धरलं. दुसरा पंप येईपर्यंत वाढीव औषध, मिनिटाला किती थेंब ते घड्याळावर मोजत, हातानेच सोडायचं होतं. थेंब जास्त झाला तर एक संकट, कमी झाला तर दुसरं.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. या खाटेवरच्या बाईचं नावही तिला माहीत नव्हतं, आणि आपल्या चार कप्प्यांपायी आत्ता तिचं काय होऊन बसलं असतं, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता.

वन्संनी सवयीने मोकळा हात छातीशी नेला. नर्सचं घड्याळ तिथे गणवेशाला टाचलेलं असतं. तिथे काही नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरचं घड्याळ खाटेच्या पडद्याआड गेलं होतं, आणि चाकावरचा अंगठा तर सोडता येत नव्हता.

बाहेर पावलं वाजली. दादा आला होता, आणि त्याच्यामागे समितीचे अध्यक्ष. दादाचा चेहरा पार उतरला होता. सांगून झालं होतं. अध्यक्ष पुढे काही बोलणार होते, पण आतलं दृश्य बघून ते दारातच थांबले.

मेट्रन खाटेजवळ गेल्या. वहिनीला वाटलं, या आता तिला हात धरून बाहेर काढणार. त्यांनी आपल्या छातीवरचं घड्याळ काढलं आणि वन्संच्या डोळ्यांसमोर धरलं. वन्संनी वर बघितलंसुद्धा नाही. तिचे ओठ हलत होते, ती थेंब मोजत होती; आणि मेट्रन हात न हलवता तसंच घड्याळ धरून उभ्या राहिल्या.